आजचं चिंतन: जुनं गाणं, नवं गाणं आणि एज्राचा तिसरा अध्याय

वाचन: एज्रा ३:१०-१३
सोबत वाचा: मत्तय २६:३०, १ करिंथ १४:१५



आठवडाभर इथं काही लिहिलं नाही, त्याबद्दल दोघातिघांनी विचारलं. मी डोणगावला होते. आजीची महिन्याची मिस्सा होती. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, पहाटे जालना, मग सिंदखेडराजा, मेहकर आणि तिथून मालेगावच्या रस्त्यानं पुढे डोणगाव. नेटवर्क होतं, वेळही होता, पण लिहावंसं वाटलं नाही. आज लिहिते आहे. नेहमीपेक्षा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी वाचन. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले लोक यरुशलेमात मंदिराचा पाया घालत आहेत. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसता पाया. याजक वस्त्रं घालून, कर्णे घेऊन उभे आहेत. आसाफाच्या घराण्यातले लेवी झांजा घेऊन. गाणं सुरू होतं, लोक मोठ्यानं जयजयकार करतात. पण त्या गर्दीत काही म्हातारी माणसं आहेत, ज्यांनी शलमोनाचं पहिलं मंदिर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. ते मंदिर इ. स. पू. ५८७ च्या सुमारास जाळलं गेलं, म्हणजे मध्ये ५० च्या आसपास वर्षं गेलेली. हे लोक नवा पाया पाहून हुंदके देऊन रडतात. तरुण मंडळी आनंदानं ओरडत असतात. आणि लेखक सांगतो की यातला रडण्याचा आवाज कुठला आणि आनंदाचा कुठला, हे कुणालाच वेगळं ओळखता येईना.

हा उतारा मी आधीही वाचलाय. आमच्या युवकांच्या सभेत त्यावर बोललेही आहे, "भूतकाळात अडकू नका" अशा अर्थाचं काहीतरी. यावेळी डोणगावच्या ओसरीत बसून वाचला तेव्हा ते आठवून लाज वाटली. कारण त्या म्हाताऱ्यांना कुणी गप्प केलं असं एज्रात कुठेही लिहिलेलं नाही.

आता आमच्या गायनवृंदाची गोष्ट.

मी पुण्यात रविवारच्या मराठी मिस्सेला कीबोर्ड वाजवते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी आगमनकाळाच्या आधी आम्ही सगळी गाणी बदलायचं ठरवलं. प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळचं गाणं, सगळं. कारण सांगायचं तर आम्हाला कंटाळा आला होता. तीच तीच गाणी, तीच पेटी, आणि प्रत्येक कडव्याला लय आणखी ढिली होत जाणार. आम्ही यूट्यूबवरून गाणी उतरवली, काही हिंदी वर्शिप गाण्यांना मराठी शब्द बसवले, ड्रम पॅड आणलं. प्रतिसाद-स्तोत्राच्या जागीसुद्धा एक गाणं घातलं. खरं म्हणजे मिस्सेच्या नियमानुसार स्तोत्राच्या जागी दुसरं गीत चालत नाही. ते वाचनाचाच भाग आहे, शास्त्रातलं उत्तर आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायचीही गरज वाटली नाही.

पहिल्या रविवारी आम्ही खूश होतो. व्हिडिओ काढले, स्टेटस ठेवलं. मिस्सेनंतर एक आजोबा जवळ आले. रागावले वगैरे नाहीत. म्हणाले, "गाणं झकास झालं बेटा. आम्ही ऐकलं."

"ऐकलं" या शब्दातलं दुखणं समजायला मला दीड वर्ष लागलं.

त्यानंतर वाद झालेच. एका बाजूला "तुम्ही देवळाचा स्टेज केला," दुसऱ्या बाजूला "तुमच्यामुळे तरुण पोरं येत नाहीत." दोन्ही बाजूंनी व्हॉट्सअॅपवर पोपच्या नावानं फॉरवर्ड्स. गंमत म्हणजे पोपमहाशयांची कागदपत्रं खरंच वाचली तर दोन्ही बाजू जरा गप्प बसतात. मी नंतर वाचली.

१९०३ साली दहावे पोप पायस यांनी देवळातल्या संगीतावर एक आदेश काढला. तेव्हा युरोपातल्या देवळांत ऑपेराच्या थाटाचं गाणं बोकाळलं होतं, त्याला आवर घालायचा होता. त्यात ग्रेगोरियन गायन हा आदर्श सांगितला आणि पियानोला मनाई केली. ढोल, झांजा अशा गोंगाटी वाद्यांनाही मनाई. आता एज्राचा उतारा पुन्हा पाहा: लेवींच्या हातात काय होतं? झांजा! म्हणजे तो आदेश चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. त्या काळच्या त्या देवळांतल्या दुखण्यावर ते औषध होतं. पण ते औषध उचलून आपल्या गावच्या टाळ-मृदंगावर लावलं तर काय होईल?

मग १९६३. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबरला जाहीर केला. त्याचा सहावा अध्याय फक्त संगीताचा आहे. जुन्याची बाजू घेणाऱ्यांना त्यात आधार मिळतो: ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्यावं असं कलम ११६ मध्ये आहे आणि ते आजही रद्द झालेलं नाही. नव्याची बाजू घेणाऱ्यांनाही मिळतो: कलम ११९ म्हणतं की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, जी त्यांच्या धार्मिक आणि सामाजिक जीवनात मुरलेली आहे, तिला योग्य तो मान द्यावा. मात्र या अध्यायात पुन्हा पुन्हा एक गोष्ट येते, जी दोन्ही बाजू वाचताना गाळतात. ती म्हणजे जमलेल्या लोकांनी गायचं. त्यांनी भाग घ्यायचा. आणि गीताचे शब्द मुख्यतः पवित्र शास्त्रातून आणि उपासनेच्या स्रोतांतून घेतलेले असावेत (कलम १२१).

म्हणजे त्या आजोबांची तक्रार गाणं नवं असल्याची नव्हतीच. ते त्यांना गाता आलं नाही, ही होती. आम्ही निवडलेल्या पट्टीत चाळिशीच्या पुढचा कुणीही माणूस गाऊच शकला नसता. शिवाय मध्ये थांबे, अचानक चढ, एकच ओळ आठ वेळा आणि नवव्यांदा वेगळी. ज्यानं मूळ गाणं कानात इअरफोन घालून ५० वेळा ऐकलंय त्यालाच कळणार की आता कुठे शिरायचं.

हे सगळं मी आत्ता शहाण्यासारखं लिहिते आहे. तेव्हा मी त्या वादात मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांपैकी होते. माझा मुद्दा असा होता की जुनी गाणी म्हणजे काही आकाशातून पडलेली नाहीत. आणि तो मुद्दा मी अजूनही सोडलेला नाही, फक्त आता तो वेगळ्या ठिकाणी जाऊन पोचलाय.

कसा, ते सांगते.

आमचं कुटुंब मूळचं वैजापूरकडचं, घोगरगावच्या मिशनच्या भागातलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं सेल्सच्या संत फ्रान्सिसच्या संघाचे फ्रेंच मिशनरी आले होते. पणजोबा कामाच्या शोधात मेहकर तालुक्यात आले आणि डोणगावात राहिले. तेव्हा तो सगळा मुलूख अमरावती धर्मप्रांतातच होता. १९५५ मध्ये तो नागपूरपासून वेगळा झाला, आणि वैजापूरकडचा भाग १९७७ मध्ये नव्या औरंगाबाद धर्मप्रांतात गेला. आमचा बुलडाणा जिल्हा अमरावतीतच राहिला. डोणगावात आमची मोजून तीन घरं. फादर अधूनमधून यायचे, मिस्सा आमच्या ओसरीत व्हायची. एरवी रविवारी आजी सगळ्यांना बसवून रोझरी म्हणायची आणि नंतर गाणी. ती गाणी तिनं लग्नाआधी सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये शिकलेली. त्यातलं मारियामातेचं एक गाणं तिचं खास, ओवीच्या चालीतलं, बहुधा कुणा गावच्या धर्मशिक्षकानं रचलेलं. आमच्यासाठी तेच "जुनं गाणं". त्याच्याहून जुनं काही असतं हे मला माहीतच नव्हतं.

आजी शेवटचे तीन महिने अंथरुणावर होती. माणसं ओळखत नव्हती. मी सुट्टी काढून गेले होते तेव्हा एका संध्याकाळी तिच्या उशाशी मोबाइल ठेवून आमच्या वृंदाचं रेकॉर्डिंग लावलं. वाटलं, नातीचा आवाज आहे, काहीतरी होईल. काही झालं नाही. ती भिंतीकडे बघत राहिली. मग बाबा आले, बाजेच्या कडेला बसले आणि ते मारियामातेचं गाणं हळू आवाजात म्हणायला लागले. बाबांचा आवाज काही बरा नाही. पण आजीचा उजवा हात गोधडीवर हलायला लागला. ठेका धरून. दुसऱ्या कडव्याला ओठ हलले. तिसऱ्या कडव्याला बाबा अडकले, त्यांना शब्द आठवेनात, ते थांबले. आजी थांबली नाही. ती पुटपुटत पुढे गेली. आवाज इतका बारीक होता की शब्द लागेनात. मी वाकून कान लावला, तरी नाही. मग ती झोपली.

त्या रात्री मी बाबांना म्हटलं, "खरंच, जुन्या गाण्यात काहीतरी असतं." बाबा हसले. म्हणाले, "जुनं? तुला माहीतये का, या गाण्यावरून घरात सहा महिने अबोला होता?"

मग त्यांनी सांगितलं. आजी १९७० च्या सुमारास लग्न होऊन डोणगावला आली. त्याआधी थोडीच वर्षं मिस्सा लॅटिनची मराठी झाली होती. नवी सून हौसेनं ओसरीत मराठी गाणी म्हणायला लागली. माझी पणजी, म्हणजे तिची सासू, पदर तोंडाला लावून आत निघून गेली. पणजीला 'तान्तुम एर्गो' सगळं पाठ होतं. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी रचलेलं लॅटिन स्तोत्र, पवित्र साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळी म्हणतात ते. अक्षरओळख नसलेली वैजापूरकडची बाई, आणि लॅटिन तोंडपाठ. अर्थ? एका शब्दाचा नाही. पण ते म्हणताना ती डोळे मिटायची, ती देवासमोर असायची. सुनेच्या गाण्याबद्दल तिचं म्हणणं बाबांना शब्दशः आठवतं, कारण ते घरात नंतर कितीतरी वर्षं चेष्टेत म्हटलं जायचं: "हे का देवाचं गाणं हाय? हे त जात्यावरचं गाणं हाय!"

मी हे ऐकून हसले आणि मग बराच वेळ झोप लागली नाही. मला वाटलं होतं मी दोन पिढ्यांच्या वादात आहे. तो चार पिढ्यांचा निघाला.

आणि पणजीचं निरीक्षण बरोबरच होतं की. ते जात्यावरचंच गाणं होतं. ओवी जात्यावरचीच. पण त्या ओवीची देवळातली जागा पणजीच्या लॅटिनइतकी नसली तरी फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे नाव तुम्ही शाळेत मराठीच्या पुस्तकात ऐकलं असेल, मराठी भाषेचं कौतुक करणाऱ्या ओव्यांमुळे. इंग्लंडचा हा जेज्विट माणूस १५७९ मध्ये गोव्याला आला, मराठी आणि कोकणी शिकला, आणि १६१६ मध्ये त्याचं 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या. छपाई रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. मला त्यातला सुरुवातीचा एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक माणूस फादरांना विचारतो की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? आम्ही वाचायचं काय, वेळ कसा घालवायचा?

हा प्रश्न ४०० वर्षांपूर्वीचा आहे, पण तो थेट आमच्या गायनवृंदाला विचारल्यासारखा आहे. तुम्ही आमचं काढून घेतलंत. बदल्यात दिलंत ते आम्हाला म्हणता येईल असं आहे का?

स्टीफन्सनं उत्तर म्हणून ओवी दिली. लोकांच्या तोंडात आधीच असलेला छंद घेतला आणि त्यात उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा भरली. मजकूर नवा, चाल ओळखीची. पुढे प्रॉटेस्टंट मंडळींत नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग आणि कीर्तन घेऊन तेच केलं. त्याआधी आणि त्यानंतरही इंग्रजी गाण्यांची भाषांतरं मूळ चालीत गायली जात होती. त्यातल्या काहींत मराठी शब्दाचे हातपाय चालीला बसवण्यासाठी असे ताणलेले की ऐकवत नाही. ती गाणीही आज "जुनी" म्हणून जपली जातात. जुनं आहे म्हणून चांगलं असतंच असं नाही, हे मी आजीच्या अंथरुणाशेजारी बसूनही म्हणेन.

आणि आपली पेटी! डोणगावच्या भजनी मंडळापासून पुण्याच्या देवळापर्यंत सगळीकडे "पारंपरिक" म्हणून मिरवणारी हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये जन्मली. ती भारतीय संगीताला मारक आहे म्हणून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली होती, ती कितीतरी वर्षं टिकली. म्हणजे मी कीबोर्ड आणला म्हणून नाकं मुरडणारे ज्या वाद्याची बाजू घेत होते, त्या वाद्यालाही कुणीतरी असंच हाकललं होतं. (हे मी वादात वापरलं होतं. टाळ्या मिळाल्या. उपयोग शून्य.)

आणखी मागे जायचं तर संत आगुस्तीन. आपल्या 'कबुलीजबाबां'त ते सांगतात की मिलानच्या देवळात लोकांचं गाणं ऐकून ते रडले. तिथं तसं एकत्र गायची पद्धत नुकतीच सुरू झाली होती, साधारण ३८६ मध्ये, बिशप अँब्रोज यांच्यावर राजघराण्याचा दबाव असताना लोक देवळातच मुक्काम ठोकून बसले तेव्हा. म्हणजे आज ज्याला आपण अतिप्राचीन म्हणू, ते आगुस्तीनच्या कानांना अगदी नवं होतं. पण त्याच पुस्तकात पुढे ते एक कबुली देतात, जी मला बोचते: कधी कधी गाण्यातल्या आशयापेक्षा गाण्यानंच मन जास्त हलतं, आणि तसं झालं की आपण चुकलो असं त्यांना वाटतं, तेव्हा गाणं ऐकलंच नसतं तर बरं, असंही. तरी ते गाणं बंद करा म्हणत नाहीत, कारण दुबळ्या मनाला ते वर उचलतं हेही त्यांना ठाऊक आहे.

पौल करिंथकरांना लिहितो की मी आत्म्यानं गाईन आणि बुद्धीनंही गाईन. पणजी आत्म्यानं गात होती. शब्द तिला कळत नव्हते. आम्ही पुण्यात जे करत होतो त्यात शब्द सगळ्यांना कळत होते, पण ते बहुतेक "मी, मला, माझं" एवढेच होते. माझी भीती, माझं वादळ, माझा विजय. प्रभू तिथं होता, पण माझ्या भावनेला पार्श्वसंगीत दिल्यासारखा. आजीच्या गाण्यात मारियेचं देवदूताला उत्तर आहे, बेथलेहेम आहे, क्रुसाखाली उभं राहणं आहे. आजीला वाचता येत होतं, पण तिचं शुभवर्तमान मुख्यतः त्या गाण्यात होतं. पहिल्या कडव्यात लूकचा पहिला अध्याय, दुसऱ्यात दुसरा, आणि शेवटच्यात योहानाचा एकोणिसावा. मध्ये काय होतं?

तेच तर सांगायचंय.

आजी गेली. फादर आले, दफनविधी झाला. कबरीवर माती टाकताना नेहमी ते गाणं म्हणतात, आमच्या घरात तीच रीत. बाबांनी सुरू केलं. दोन कडवी झाली. तिसरं कुणालाच येईना. आत्याला अर्धी ओळ आठवत होती, काकांना तीही नाही. आम्ही नातवंडं तर पहिल्या कडव्यानंतर नुसती ओठ हलवत होतो. मग बाबांनी सरळ शेवटचं कडवं घेतलं. बेथलेहेमातून एकदम क्रुसापाशी.

मी पाच वर्षं कीबोर्ड वाजवते. माझ्या फोनमध्ये ६४ जीबी गाणी आहेत. आजीचं रेकॉर्डिंग एकही नाही. एकदा, मी कॉलेजात असताना, म्हटलं होतं तिला, "आजी, वहीत लिहून ठेव ना गाणी." तिची एक वही होती, ती एका पावसाळ्यात छत गळून भिजली होती. ती म्हणाली, "मले पाठ हाय ना सारं. कायले लिवू?" मी पुन्हा विचारलं नाही. मला तेव्हा ती गाणी नकोच होती, खरं सांगायचं तर. विचारायचं म्हणून विचारलं होतं.

मत्तय सांगतो की शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. ते पास्काचं भोजन होतं, म्हणजे ते गीत बहुधा हालेल असणार, स्तोत्र ११३ ते ११८ यांचा संच, जो त्या भोजनात म्हणायची रीत होती. जगाचा तारणारा मरणाच्या आदल्या रात्री गायला, तेव्हा त्यानं नवीन काही रचलं नाही. लहानपणी घरात योसेफ-मारियेबरोबर दरवर्षी म्हटलेलं गाणं म्हटलं. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. तोच प्रभू स्वर्गाच्या राज्याचं शिक्षण मिळालेल्या शास्त्र्याला अशा घरधन्याची उपमा देतो, जो आपल्या भांडारातून नवं आणि जुनं दोन्ही बाहेर काढतो. त्या घरधन्याकडे जुनं भांडारात आहे. आमच्याकडे ते भांडारातूनच गेलं होतं, आणि आम्ही वाद घालत होतो की बाहेर काय काढायचं.

एज्राच्या उताऱ्यातही एक बारकावा आहे. नव्या पायावर उभं राहून ते लोक गातात ते दावीदानं लावून दिलेल्या रीतीनं, आणि शब्दही जुनेच, परमेश्वराच्या चांगुलपणाचे आणि कधीही न संपणाऱ्या दयेचे. मंदिर जळलं, राजा गेला, बंदिवासात एक अख्खी पिढी मेली. गाणं टिकलं, कारण कुणीतरी बाबेलात ते पोरांना शिकवलं असणार.

एक सांगायला हवं. महिन्याच्या मिस्सेला ओसरीत माझ्या चुलत भावानं गिटारवर एक नवं गाणं म्हटलं, ख्रिस्तप्रसादानंतर. साधं, चार ओळींचं, स्तोत्र २३ च्या आशयाचं. दुसऱ्या वेळेला शेजारच्या मावशीही, ज्या आमच्या धर्माच्या नाहीत, आपसूक टाळी धरून म्हणायला लागल्या. ते गाणं गेल्या वर्षीचं आहे. माझी नातवंडं कदाचित ते माझ्या उशाशी म्हणतील आणि त्यांच्या पोरांना ते असह्य जुनं वाटेल. म्हणजे नव्या गाण्यांवर माझा रोष उरलेला नाही. फक्त आता एखादं गाणं निवडताना मी स्वतःला विचारते, हे अंथरुणावर, विनामाईक, बाबांसारख्या बेसुऱ्या माणसाला म्हणता येईल का? आमच्या यादीतली निम्म्याहून जास्त गाणी यात गळाली. काही जुनीही गळाली.

पुण्यात परतल्यावर शनिवारच्या सरावाला मी हे सगळं सांगितलं. कुणी फार बोललं नाही. प्रतिसाद-स्तोत्र परत आलंय, ते एक. आणि दर रविवारी एक जुनं गाणं, पेटीवर, लय न पाडता. त्या आजोबांना आम्ही सरावाला बोलावलं. आले, पाचच मिनिटं बसले आणि म्हणाले, "पट्टी दोन सूर खाली घ्या." घेतली.

मागच्या रविवारी आजीचं गाणं घेतलं, तीन कडव्यांचं. मिस्सेनंतर एक बाई भेटल्या, मूळच्या वैजापूरच्या. म्हणाल्या, "ही चाल आमच्याकडची. पण मधलं कडवं सोडलंत की." माझा श्वासच अडकला. मी फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं, त्यांना म्हणायला लावलं. त्यांनी डोळे मिटून म्हटलं. ते कानाच्या लग्नाचं कडवं होतं, पाण्याचा द्राक्षारस होतो तिथलं, मारिया चाकरांना सांगते ते. योहानाचा दुसरा अध्याय. फार सुंदर आहे.

ते रेकॉर्डिंग बाबांना पाठवलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि फोन केला. म्हणाले, "हे छान आहे गं, पण आईचं हे नव्हतं. आईच्या कडव्यात मंदिर होतं. लहान येशू हरवतो, ते."

तर, वाचकांपैकी कुणाच्या घरात वैजापूर, गंगापूर, जालना, बुलडाणा या बाजूची कुणी म्हातारी आजी, आत्या, मावशी असेल आणि तिला मारियामातेचं ओवीच्या चालीतलं गाणं येत असेल, तर कृपा करून तिला म्हणायला लावा आणि रेकॉर्ड करून मला पाठवा. बारा वर्षांचा येशू यरुशलेमात मागे राहतो आणि आईबाबा तीन दिवस शोधत फिरतात, ते कडवं मला हवंय.